जुन्या संगणकाला नवा मदरबोर्ड

नागपूरचा उन्हाळा तुम्हांला नव्याने सांगायला नको. मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे ऊन मी म्हणू लागते, रस्ते ओस पडतात आणि घरोघरी कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. २३ मे २०१३ या दिवशी आपल्या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा दिवशी माणसे सावली शोधतात. टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाला मात्र जागा सोडता येत नाही. तो तिथेच तापत काम करीत राहतो आणि एखाद्या दुपारी एकाएकी बंद पडतो.

अशाच एका संगणकाची ही हकीकत आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचे घर महालात आहे. तिची आई घरीच लोकांचे अर्ज भरून देणे, लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवणे अशी कामे करते. त्यासाठी २०१३ साली घेतलेला संगणक २०२२ च्या मे महिन्यात बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने पाच मिनिटांत "मदरबोर्ड उडाला" असा निकाल दिला, दुकानातला सर्वांत स्वस्त बोर्ड बसवून दिला आणि जुना बोर्ड बदल्यात ठेवून घेतला. पुढच्या मे महिन्यात तो नवा बोर्डही गेला. ऐन लग्नसराईत काम थांबले. तेव्हा ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तो दुकानवाला म्हणते पुन्हा नवीन बोर्ड घ्या. पण आई विचारते, दरवर्षी बोर्डच घेत बसायचं का? कोणता घेतला म्हणजे टिकेल?"

अमुक कंपनीचा घे, असे सांगून मला मोकळे होता आले असते. पण कंपन्यांचे नमुने दर दोन वर्षांनी बदलतात. पदार्थविज्ञानाचे नियम बदलत नाहीत. म्हणून आम्ही तिच्या प्रश्नाचे तीन भाग केले. पहिला, बोर्ड खरोखरच बिघडला आहे काय? दुसरा, आपल्या संगणकाला कोणता बोर्ड जुळेल? आणि तिसरा, जुळणाऱ्या बोर्डांपैकी टिकाऊ कोणता? हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ लोक तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि फसतात.

मदरबोर्ड काय काम करतो?

संगणकाची पेटी उघडली की आत एक मोठी पट्टी दिसते. निरोधक पदार्थाच्या या पट्टीत तांब्याच्या बारीक वाटांचे अनेक थर असतात. प्रोसेसर, स्मृती म्हणजे रॅम, हार्ड डिस्क, कळफलक, पडदा या सर्वांचे परस्परांशी बोलणे या वाटांनी चालते. हाच मदरबोर्ड.

त्याचे दुसरे काम फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. वीजपुरवठ्याच्या पेटीतून, म्हणजे एसएमपीएसमधून, बोर्डाला १२ व्होल्ट विद्युत् दाब मिळतो. प्रोसेसरला मात्र साधारण १ व्होल्टच्या आसपासचा, अगदी स्थिर दाब लागतो. १२ चे १ करण्याचे काम बोर्डावरच, प्रोसेसरच्या अगदी शेजारी चालते. तेथे इलेक्ट्रॉनिक खटके सेकंदाला काही लाख वेळा चालूबंद होतात, वेटोळी आणि धारित्रे तो तुटक प्रवाह सपाट करतात. धारित्र म्हणजे कपॅसिटर. आपल्या घरी नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, पण गच्चीवरच्या टाकीमुळे दिवसभर एकसारखे मिळते. धारित्र ही विद्युत् भाराची तशीच एक छोटी टाकी आहे.

आता थोडे गणित करू. समजा, प्रोसेसर ६६ वॅट शक्ती घेतो आणि त्याचा दाब १.१ व्होल्ट आहे. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. म्हणून प्रवाह झाला ६६ ÷ १.१ = ६० अँपिअर! घरातली इस्त्री सुमारे ४ अँपिअर घेते. तिच्या पंधरा पट प्रवाह तळहाताएवढ्या जागेतून वाहतो. बोर्डावर सर्वांत जास्त तापणारी आणि सर्वांत आधी बिघडणारी जागा बहुधा हीच असते. टिकाऊपणाचा शोध आपल्याला येथेच घ्यायचा आहे.

आधी खात्री, मग खरेदी

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. बातमी वाऱ्यासारखी पसरली. पण शहराच्या आसपासच्या काही दुसऱ्या केंद्रांवर असा आकडा नव्हता. पुढे हवामान खात्याने स्पष्ट केले की त्या केंद्राचा संवेदकच नीट काम करीत नव्हता. शहर एकाएकी तापले नव्हते, मापक चुकला होता. संगणकाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. "चालू होत नाही" हे लक्षण आहे. त्यावरून बोर्ड दोषी ठरत नाही. कमी खर्चाच्या शंका आधी तपासाव्यात.

संगणक दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल, तर बोर्डावरचा रुपयाएवढा गोल घट पाहा. त्याचे नाव सीआर २०३२. नवा असताना त्याचा दाब ३ व्होल्ट असतो. तो संपला की घड्याळ आणि जतन केलेली मांडणी विसरली जाते. असा घट स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो.

संगणक चालू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचे धातूचे पाते धुळीने बुजले आहेत काय ते पाहा. प्रोसेसर आणि पाते यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी मलमासारखी पेस्ट असते. ती वर्षानुवर्षे वाळून भेगाळते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो संगणक बंद करतो. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे.

पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर साधा खोडरबर हळूच फिरवावा आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्याने जिवंत झालेले "मेलेले" बोर्ड मी पुष्कळ पाहिले आहेत.

यानंतर एसएमपीएस. नियमाप्रमाणे १२ व्होल्टच्या वाहिनीवर ५ टक्क्यांपर्यंतच फरक चालतो, म्हणजे दाब ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान असला पाहिजे. त्या मुलीच्या घरची पेटी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणली आणि मोटारीच्या ५५ वॅटच्या दोन दिव्यांचा भार तिला दिला. भार नसताना मापक १२ व्होल्ट दाखवत होता. दिवे लागून सुमारे ९ अँपिअर प्रवाह वाहू लागताच काटा ११.१ वर उतरला. दोष पुरवठ्यात होता! हा प्रयोग तुम्ही घरी करू नका, आणि एसएमपीएसचे झाकण तर कधीच उघडू नका. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे शिखरमूल्य २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. आतली मोठी धारित्रे त्या दाबापर्यंत भारित होतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तशीच राहू शकतात. शंका असेल तर दुसरी चांगली पेटी लावून पाहावी, हे सर्वांत सोपे.

मग २०२२ साली पहिला बोर्ड खरोखर बिघडला होता काय? की तेव्हाही एसएमपीएसच दोषी होता? हे आता कधीच कळणार नाही, कारण तो बोर्ड दुकानदाराने ठेवून घेतला होता. कदाचित तो दुसऱ्या कुणाच्या घरी सुखाने चालतही असेल. म्हणून पहिला धडा लक्षात ठेवा: काढलेला भाग तपासून झाल्याशिवाय हातचा सोडू नये.

दुसरा बोर्ड मात्र खरोखरच गेला होता. प्रोसेसरजवळच्या सहा धारित्रांपैकी चारांचे माथे पुरीसारखे फुगले होते आणि एकाच्या बुडाशी तपकिरी डाग पसरला होता.

धारित्र का फुगते?

या धारित्रात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांची गुंडाळी असते. मधल्या कागदात विद्युत् विच्छेद्य द्रव मुरवलेला असतो. एका पत्र्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. तो निरोधक असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या काही लाखांश एवढीच असते. दोन पट्ट्यांमधले अंतर जितके कमी तितकी धारिता जास्त, हे तुम्ही पुस्तकात शिकलाच आहात. म्हणूनच एवढ्याशा डबीत एवढा भार मावतो.

पण द्रव आहे तेथे वाळणेही आले. उष्णतेने द्रवाची वाफ बुचाच्या फटीतून हळूहळू निसटते. द्रव कमी झाला की धारित्राचा अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला की त्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे ते अधिक तापते. अधिक तापले की आणखी वाळते. असे हे दुष्टचक्र आहे. द्रवाची रासायनिक बनावट सदोष असेल, तर ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हायड्रोजन वायूही निर्माण होतो आणि डबी फुगते. डबी फुटू नये म्हणून माथ्यावर अधिक चिन्हासारखी किंवा इंग्रजी के अक्षरासारखी खाच मुद्दाम पाडलेली असते. दाब वाढला की ती तेथेच उकलते. २००० सालानंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेली धारित्रे जगभरच्या लाखो संगणकांत गेली आणि अकाली फुगली. संगणकाच्या इतिहासात या प्रकाराला 'कपॅसिटर प्लेग' असेच नाव पडले.

आता नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब करू. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, याचा नियम स्वीडिश शास्त्रज्ञ आऱ्हेनिअस यांनी १८८९ मध्ये मांडला. त्यावरून अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: तापमान १० अंशांनी उतरले की द्रवयुक्त धारित्राचे आयुष्य दुप्पट होते, १० अंशांनी चढले की निम्मे होते. धारित्राच्या अंगावर तापमान छापलेले असते, आणि त्या तापमानाला ते किती तास टिकेल हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते.

समजा, एका धारित्राची हमी १०५ अंशांना २,००० तासांची आहे आणि पेटीत ते खोलीच्या हवेपेक्षा ३० अंश जास्त तापते. खोली ३५ अंश असेल तर धारित्र ६५ अंशांना राहील. १०५ पेक्षा हे ४० अंशांनी कमी, म्हणजे आयुष्य चार वेळा दुप्पट, अर्थात सोळा पट: ३२,००० तास. रोज ८ तास वापर धरला तर ४,००० दिवस, म्हणजे जवळजवळ ११ वर्षे. खोली ४५ अंश असेल तर? १६,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षे. केवळ दहा अंशांनी निम्मे आयुष्य गेले!

आता स्वस्तातले, ८५ अंशांना १,००० तासांचे धारित्र घ्या. ६५ अंशांना त्याचे आयुष्य ४,००० तास, म्हणजे ५०० दिवस. ७५ अंशांना २,००० तास, म्हणजे अवघे २५० दिवस. एक उन्हाळा काढून दुसऱ्या उन्हाळ्यात बोर्ड का जातो, याचा उलगडा तुम्हांला येथे झाला असेल. खोली वर्षभर ४५ अंश नसते हे खरे, आणि हा नियमही अंदाजाचाच आहे. पण अंदाज कोणत्या बाजूला झुकतो हे कळायला तो पुरेसा आहे.

याला एक उपाय निघाला आहे. द्रवाऐवजी विद्युत् वाहक बहुवारिक घातलेली घन धारित्रे आता सर्रास वापरली जातात. त्यांच्यात वाळण्यासारखा द्रव नसतो. त्यांच्यासाठीचा ढोबळ नियम असा की २० अंश उतरले की आयुष्य दहापट. १०५ अंशांना २,००० तासांचे घन धारित्र ६५ अंशांना शंभरपट, म्हणजे २ लाख तास टिकावे. तोवर बोर्डावरचे दुसरेच काही बिघडेल! ही धारित्रे ओळखणे सोपे आहे: डबी उघड्या ॲल्युमिनियमची, माथा सपाट, वर खाच नाही आणि अंगावर रंगीत प्लॅस्टिकचे आवरण नाही.

प्रवाहाची वाटणी

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रोसेसरजवळची चौकोनी, ठोकळ्यासारखी वेटोळी. साधारणपणे प्रत्येक वेटोळे प्रवाहाची एक वाट दाखवते. आपले ६० अँपिअर तीन वाटांत विभागले तर प्रत्येकीत २० येतील. सहा वाटांत विभागले तर १०. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रत्येक वाटेचा रोध ०.००५ ओहम धरा. तीन वाटांची उष्णता ३ × २० × २० × ०.००५ = ६ वॅट. सहा वाटांची ६ × १० × १० × ०.००५ = ३ वॅट. वाटा दुप्पट, उष्णता निम्मी, आणि तीही जास्त जागेत पसरलेली. घरच्या साध्या कामाला सहाच वाटा हव्यात असे नाही, पण दोन बोर्डांत निवड करताना हा आकडा बोलका असतो. तेथील खटक्यांवर धातूचे पाते बसवलेले असेल तर उत्तमच.

जुळणी: येथे तडजोड नाही

टिकाऊ बोर्डही जुळला नाही तर निरुपयोगी. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.

पहिली, प्रोसेसरची बैठक, म्हणजे सॉकेट. इंटेलच्या बैठकींची नावे त्यांतील संपर्कबिंदूंच्या संख्येवरून पडली आहेत: एलजीए ७७५ (२००४), ११५६ (२००९), ११५५ (२०११), ११५० (२०१३), ११५१ (२०१५). ११५६ आणि ११५५ मध्ये एकाच बिंदूचा फरक, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. उलट २०१७ सालचे आठव्या पिढीचे प्रोसेसर ११५१ चेच, तरी २०१५ च्या बोर्डावर ते चालत नाहीत.

दुसरी, रॅमची पिढी. डीडीआर २ ला १.८ व्होल्ट, डीडीआर ३ ला १.५ आणि डीडीआर ४ ला १.२ व्होल्ट लागतात. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. जोर करून बसवू नका. बसत नाही म्हणजे ती तिथली नाही.

तिसरी, आकार. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, तर मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिलिमीटर असतो. काही तयार संगणकांत कंपनीने स्वतःच्याच मापाचा बोर्ड आणि वेगळ्या जोडण्या वापरलेल्या असतात. तेथे बाजारातला सर्वसाधारण बोर्ड बसत नाही. पेटी उघडून २४ टाचण्यांची मुख्य जोडणी आहे काय ते आधी पाहावे.

चौथी, बोर्डावरचा चिपसंच आणि त्याची बायोस. त्या मुलीचा प्रोसेसर २०१२ सालच्या पिढीचा, ११५५ बैठकीचा होता. त्याला इंटेलचा एच ६१ हा चिपसंच चालतो. पण हा संच २०११ चा असल्यामुळे आधीच्या बोर्डांची बायोस अद्ययावत केल्याशिवाय नंतरचा प्रोसेसर ओळखला जात नाही. कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसवर चालतो, याची यादी चांगली कंपनी आपल्या संकेतस्थळावर देते. अशी यादी मुळीच मिळत नसेल, तर तो बोर्ड घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

बर्डीवरच्या दुकानात

हा कागद घेऊन आम्ही तिघे, म्हणजे ती मुलगी, तिची आई आणि मी, सीताबर्डीला गेलो. बरोबर तिचा प्रोसेसर, रॅम आणि नवा घेतलेला एसएमपीएस होता. दुकानदाराने दोन बोर्ड पुढे ठेवले. दोन्ही एच ६१ चे.

एक नव्या खोक्यात होता. चकचकीत. पण खोक्यावर उत्पादकाचे धड नाव नव्हते, बोर्डावर नमुना क्रमांक नव्हता, प्रोसेसरजवळ खाचवाली द्रवयुक्त धारित्रे आणि तीनच वेटोळी होती. हा चिपसंच २०११ चा. आजच्या कोऱ्या बोर्डावर तो दिसला, तर जुन्या बोर्डावरून काढून बसवलेला असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी. नवे खोके म्हणजे नवा बोर्ड असे नव्हे.

दुसरा एका कार्यालयातल्या संगणकातून काढलेला, जुना. थोडी धूळ होती. पण नमुना क्रमांक स्पष्ट, बायोसची यादी उपलब्ध, प्रोसेसरभोवती सर्व धारित्रे घन, वेटोळी चार. भिंगातून बैठकीच्या बारीक टाचण्या पाहिल्या. एकही वाकलेली नव्हती. मागे डाग लावल्याच्या किंवा तांब्याची वाट तुटल्याच्या खुणा नव्हत्या.

आईंचा ओढा साहजिकच नव्या खोक्याकडे होता. "सर, जुना घ्यायचा म्हणजे पुन्हा तेच नाही का होणार?" त्यांची भीती रास्त होती. जुन्याला धोका असतोच. फरक एवढाच की तो तपासता येतो. मी दुकानदाराला विनंती केली की बोर्ड आमच्या प्रोसेसरसह दुकानातच दोन तास चालवून दाखवा. आधी तो कुरकुरला, मग तयार झाला. भर दुपारी दोन तास बोर्ड चालला, रॅमची चाचणी बिनचूक झाली, यूएसबीची सर्व तोंडे तपासली. मग पक्के बिल आणि त्यावर हमीचे महिने लिहून घेतले. तोंडी हमीला वजन नसते. आम्ही निघालो तेव्हा दुकानदार फळीवरच्या इतर बोर्डांचे माथे निरखीत होता!

त्या बोर्डाने २०२४ आणि २०२५ चे उन्हाळे काढले. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी त्या मुलीला तेव्हाच सांगितले आहे. पण निवड कारणे पाहून केली होती, एवढे समाधान आहे.

बसवताना आणि नंतर

आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते आणि अंगावर स्थितिक विद्युत् सहज साचते. ठिणगीचा चटका आपल्याला सुमारे ३,००० व्होल्टला जाणवतो. चिपला मात्र त्याहून पुष्कळ कमी दाबही मारक ठरतो. म्हणून बोर्डाला हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा आणि बोर्ड कडेनेच धरावा. घरातल्या तीन टाचण्यांच्या खोबणीला अर्थिंग खरोखर आहे काय, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

कूलरचा उपयोग जरूर होतो, कारण खोलीचे तापमान उतरते. पण संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. झोताबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात आणि त्या पाण्यातील क्षार बोर्डावर बसतात. दमट क्षार विजेची नको ती वाट तयार करतात. पेटीच्या मागे वीतभर जागा मोकळी असावी. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी आणि हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. जोरात फिरलेला पंखा जनित्रासारखी वीज निर्माण करतो.

नवा बोर्ड घ्यावाच काय?

शेवटी एक हिशेब प्रामाणिकपणे करावा. केवळ बोर्ड बदलून भागत असेल तर दुरुस्ती योग्य. प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागत असेल, तर ती दुरुस्ती राहत नाही. मग हमी असलेला संपूर्ण वापरलेला संगणक अधिक स्वस्त पडतो काय, ते पाहावे. विंडोज १० चे मोफत नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली चांगली चालते. त्या घरी आता तीच आहे, आणि युनिकोड मराठीचे काम तिच्यावर उत्तम होते. निकामी बोर्ड मात्र कचऱ्यात टाकू नका किंवा जाळू देऊ नका. त्याच्या जोडांत शिसे असू शकते. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावा.

स्वस्त आणि टिकाऊ यांत विरोध असतोच असे नाही. विरोध असतो तो घाई आणि टिकाऊ यांत. पाच मिनिटांत दिलेल्या निकालाची किंमत त्या घराने वर्षभरात दोनदा मोजली. तुम्ही मात्र आधी मोजा, मग मोजा: आधी मापकाने, नंतर पैसे!

करून पाहा

१. मे महिन्यातील एका दिवशी सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ वाजता खोलीचे तापमान आणि संगणकाच्या मागून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान प्रयोगशाळेतील तापमापकाने मोजा. प्रत्येक वेळी संगणक आधी अर्धा तास चालू असावा. फरक स्थिर राहतो काय? आलेख काढा.

२. १०५ अंशांना ५,००० तास हमी असलेले द्रवयुक्त धारित्र ७५ अंशांना, रोज ६ तास वापरले तर किती वर्षे टिकेल? (उत्तर: सुमारे १८ वर्षे.)

३. शाळेतील एखादा निकामी बोर्ड शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहा. घट आधी काढून घ्या. द्रवयुक्त आणि घन धारित्रे वेगवेगळी मोजा, प्रोसेसरजवळची वेटोळी मोजा, आणि तो बोर्ड कशाने गेला असावा याचा तर्क कारणांसह लिहा.